शरदबाबूंची उजवी बाही

"हे भंगार नाही बाबा, हा ठेवा आहे ठेवा! आणि मी तो चालू करणार म्हणजे करणारच!"

डोणगावच्या बाजारात भंगारवाल्याच्या ढिगाऱ्यावर एक पाय ठेवून गार्गीने ही घोषणा केली, तेव्हा तिच्या बाबांनी डोळे मिटून घेतले. घाबरून नव्हे हो, दमून! शरच्चंद्र हे जानेफळच्या एका शाळेतले हेडक्लार्क. एवढं मोठं नाव उच्चारायला गावाला वेळ नाही, म्हणून सगळे त्यांना शरदबाबू म्हणत. शाळा उघडली की प्रवेश, प्रवेश संपले की शिष्यवृत्तीचे अर्ज, अर्ज भरावेत तर नेट बंद, आणि नेट आलं की लाईट बंद! माणूस इतका दमलेला, की ते खुर्चीत बसले की खुर्चीच सुस्कारा सोडत असे. त्या रविवारी ते डोणगावला आले होते फक्त मिरच्या घ्यायला. मिरच्या घ्यायच्या, घरी जायचं आणि आडवं व्हायचं. एवढीच इच्छा. बंगला नको, गाडी नको, एक दुपारची झोप हवी!

पण गार्गी नववीत गेली होती आणि शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता. तेव्हापासून ती घरात मीठ मागायचं झालं तरी भाषण करून मागत असे. अशा मुलीला नाही म्हणायला अंगात ताकद लागते. ती शरदबाबूंकडे नव्हती.

ढिगाऱ्यात जे होतं ते असं होतं. एखाद्या उंटाने पाणी प्यायला मान लांब करावी आणि तसंच गंजून जावं, तसा त्याचा थाट! मागे एक लोखंडी चाक, समोर एक लांबोडकी बारीक दांडी आणि दांडीच्या टोकावर वरून रोखलेली एक चोच. ते धूड स्कूटरच्या पायदानावर ठेवलं, तर पाय ठेवायला जागाच उरली नाही. मग शरदबाबू दोन्ही पाय हवेत धरून, एखाद्या बगळ्यासारखे, जानेफळपर्यंत आले.

दारात त्यांची बायको निवेदिता उभी होती. ती प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न नेहमी मुद्द्याचा असतो.

"मिरच्या कुठायत?"

शरदबाबूंनी पुन्हा डोळे मिटले.

यंत्र ओट्यावर ठेवलं आणि गल्ली जमली. सगळ्यात आधी आल्या शेजारच्या सोजराबाई.

"अवं बाई! हे त शेवयाचं मशीन व्हय! माह्या मायजवळ अस्संच होतं!"

"शेवयाचं नाही हो काकू," गार्गी म्हणाली.

"तू काल जन्मली, तुले काय समजते? थांब!"

सोजराबाई घरात गेल्या, कणकेचा हा एवढा गोळा घेऊन आल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी तो दांडीच्या भोकात कोंबला! चाकाला धरून लोंबकळल्या. चाक गंजून घट्ट बसलेलं. शेवई काही आली नाही.

"बिघडलं वाट्टे," त्या म्हणाल्या आणि हात झटकून निघून गेल्या. कणीक आतच राहिली. दोन दिवसांत तिचा दगड झाला.

सोजराबाईंचे मालक अर्जुनराव म्हणाले, हे कापसाची सरकी काढायचं असन. समोरचे भगवानराव म्हणाले, ह्यॅ, सरकीचं नाही, हे उसाच्या रसाचं. तसं भगवानरावांचं कशाबद्दलच काही मत नसतं. अर्जुनराव जे म्हणतील त्याच्या उलट, हेच त्यांचं मत!

गार्गीने मात्र शास्त्रशुद्ध पद्धत काढली. यंत्र आईच्या शिलाई मशीनशेजारी ठेवलं. चाक जिथल्या तिथे, सुई जिथल्या तिथे, दोरा ओवायची भोकंही तशीच. म्हणजे शिवायचंच काहीतरी! पण आईच्या मशीनला खाली सपाट पाट, आणि इथे ही लांब दांडी. मग दांडीत अडकवून शिवण्यासारखं काय असेल? तिने बाबांचा मोजा चढवून पाहिला. सैल. पाण्याच्या बाटलीचं कव्हर चढवलं. अडकलं. शेवटी तिने बाबांच्या पायातली चप्पल काढली. पाय अजून आतच होता, पण तेवढं चालतं. चपलेचा पट्टा दांडीवर असा जाऊन बसला, जसा जावई पाटावर!

"बाबा! चामडं! हे चामडं शिवायचं मशीन आहे!"

घासून घासून गंजाखाली एक नंबर सापडला. मग मोबाईलवर तसल्याच उंटांचे फोटो सापडले. ती ओरडली, "शंभर वर्षांपूर्वीचं आहे! जोडे, खोगीर, बैलांचे पट्टे, सगळं शिवायचे यावर!"

शरदबाबूंनी यंत्राकडे बघितलं. पहिल्यांदाच त्यांना त्याच्याबद्दल माया वाटली. शंभर वर्षं राबलं बिचारं. मग एक दिवस गंजलं आणि सुटलं.

"अगं, मग त्याला आता आराम करू दे ना," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही पण ना!"

तिथून पुढे शरदबाबूंचे रविवार गेले. गेले म्हणजे कायमचेच गेले! अर्जुनरावांच्या ट्रॅक्टरमधलं डिझेल आणून यंत्र त्यात भिजवायचं, गार्गीने तारेच्या ब्रशने घासायचं आणि बाबांनी धरायचं. सेफ्टी पिनेने कणीक कोरून काढायचं कामही बाबांकडेच. "तुम्हाला बारीक अक्षराची सवय आहे ना," असं कारण! शिवाय मध्ये मध्ये व्याख्यान.

"बाबा, नीट बघा. आईच्या मशीनला खाली दात असतात, ते कापड पुढे सरकवतात. इथे खाली दातच नाहीत! वरचा हा पाय आहे ना, तोच माल ओढतो. आणि गंमत म्हणजे हा पाय गोल फिरतो! वरची ही कडी ज्या बाजूला वळवाल, त्या बाजूला टाके जातात. सरळ, आडवे, उलटे, कुठेही! कळलं?"

"हं," शरदबाबू म्हणाले. ते झोपले होते.

आणि श्रावण संपता संपता एका संध्याकाळी चाक खर्रर्र करून फिरलं! गार्गीने उडी मारली. निवेदिताने पेढे वाटले. शरदबाबूंना वाटलं, चला, आता रविवार परत मिळणार. भोळा माणूस!

पोळ्याचा आदला दिवस उजाडला. म्हणजे खांदमळणी. अर्जुनरावांच्या अंगणात हरण्या आणि लाख्या उभे होते. गावात ट्रॅक्टर कितीही झाले तरी ही जोडी मानाची. पोळ्याला तोरणाखालून पहिली तीच जायची. तिच्यामागे भगवानरावांची जोडी, दरवर्षी दुसरी, दरवर्षी फुरफुरत. बैल नव्हे, भगवानराव!

सोजराबाई हरण्याच्या खांद्याला तूप-हळद चोळत म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

हरण्याने डोळे अर्धे मिटले. शरदबाबू कुंपणापलीकडून बघत होते. कुणी आपले खांदे चोळतंय, जेवायला बोलावतंय आणि उद्या दिवसभर काम नाही! बैलाचं नशीब बघता बघता त्यांनी आपलाच खांदा चोळला.

इतक्यात अर्जुनरावांनी पेटीतून मानाचा पट्टा काढला आणि किंचाळले, "अरे बाप्पा!"

रुंद चामड्याचा पट्टा, त्यावर पितळी घुंगरं. त्यांच्या वडिलांच्या वेळचा. मान त्या पट्ट्याचा. तो घातलेला बैल पुढे, असा गावाचा नेम. आणि उंदरांनी त्याची शिवण खाऊन टाकली होती! चामड्याचे दोन पदर वेगळे झाले होते आणि घुंगरं म्हाताऱ्याच्या दातांसारखी लटकत होती.

"डोनगावच्या दुकानात न्या ना," सोजराबाई म्हणाल्या.

"तो गेला आपल्या गावाले पोळ्याले! बंद हाय दुकान!"

समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "टेन्शन काऊन घेऊन राह्यला बे अर्जुन? पट्टा नसन त राहू दे. माही जोडी धुऊनधाऊन तयारच हाय!"

अर्जुनरावांचा चेहरा पडला. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी गार्गी गप्प बसेल? ती कुंपणावर चढली.

"काका, द्या तो पट्टा इकडे! उद्या दुपारी शिवून तय्यार! आणि असा टाका घालते, की बैल तुटेल पण टाका तुटणार नाही!"

अर्जुनरावांनी शरदबाबूंकडे पाहिलं. "बाबू, पोरीचं बोलनं पक्कं समजू का? माह्या बापाची इज्जत हाय हे."

शरदबाबूंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि नेमकी जांभई आली. मोठ्ठी. मान खाली गेली, वर आली.

"हाव म्हन्ले!" अर्जुनरावांनी पट्टा त्यांच्या गळ्यात टाकला.

पोळ्याच्या दिवशी शरदबाबूंनी नवा, ढगळ बाह्यांचा कुडता घातला. निवेदिता म्हणाली, "अहो, निदान बनियन तरी बदला. त्याची जाळी झालीये. पीठ चाळता येईल त्यातून!"

"आतलं कोण बघतंय?" शरदबाबू म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग पुरणपोळी. एक, तुपात बुडवून. दुसरी, आग्रहाची. तिसरी, वाया जाऊ नये म्हणून. आणि त्यानंतर, जेव्हा जगातला कुठलाही समजदार माणूस आडवा होतो, तेव्हा शरदबाबूंना मशीनसमोर बसवण्यात आलं. गार्गीने चाक फिरवायचं, त्यांनी पट्टा धरायचा. मेणाचा जाड दोरा, खटक, खटक, खटक! खरं सांगायचं तर पोरीने काम झकास केलं. टाके कसे, पंगतीला बसल्यासारखे एका ओळीत!

वीतभर काम उरलं, तेव्हा बाहेर डफडं वाजायला लागलं.

"बाबा, एवढंच राहिलं. सरळ तर जायचंय. तुम्ही डाव्या हाताने चाक फिरवा, उजव्याने पट्टा धरा. मी नवा ड्रेस घालून आले!"

शरदबाबू चाक फिरवू लागले. खटक. खटक. लय कशी छान होती. पोटात पुरण. खटक. डोळे जड झाले. मान हळूहळू खाली आली आणि कपाळ मशीनच्या डोक्यावर टेकलं. नेमकं त्या कडीवर! कडी वळली. कडी वळली तसा पाय वळला. पाय वळला तसे टाकेही वळले, पट्ट्यावरून निघाले ते थेट शरदबाबूंच्या दिशेने! दुसरा कुणी असता तर झोपल्यावर त्याचा हात थांबला असता. पण शरदबाबूंना झोपेत शिक्के मारायची वर्षानुवर्षांची सवय. हात चालूच! खटक, खटक, खटक.

"शरदबाबू! झाला का पट्टा? तोरन बांधलं ना तिकडे!"

अर्जुनरावांच्या हाकेने ते दचकून उठले. मशीनचा पाय उचलला, पट्टा ओढला, ब्लेडने दोरा कापला आणि पट्टा हातावर घेऊन पळतच सुटले. हात जरा जड वाटला. पण तीन पुरणपोळ्यांनंतर सगळंच जड वाटतं.

हरण्या नटून उभा होता. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. शरदबाबूंनी पट्टा त्याच्या गळ्याला लावून धरला, अर्जुनरावांनी पलीकडून बकल लावलं, सोजराबाईंनी पट्ट्याला हळदकुंकू वाहिलं, बैलाला ओवाळलं.

"वा! काय शिवला! सोडा आता, शरदबाबू."

"सोडलाय."

"सोडा म्हन्तो ना."

"अहो, मी सोडलाय! तोच मला सोडत नाहीये!"

सगळे वाकून बघू लागले. कुडत्याची उजवी बाही, मनगटापासून चांगली हातभर, पट्ट्याला शिवलेली होती. दुहेरी टाक्याने! हरण्याने मान वळवून शरदबाबूंकडे असं बघितलं, जसं एसटीत शेजारी येऊन बसलेल्या माणसाकडे बघतात.

"पट्टा काढा," निवेदिता म्हणाली.

"काढा, काढा!" भगवानराव लगेच दारात हजर. "तोरनाच्या आंधी साज उतरवला का मान गेला. मंग आमी हावोच!"

"खबरदार कोनी हात लावला त!" अर्जुनराव गरजले.

"मग बाही कापते," गार्गी कात्री घेऊन आली. तोवर तिने प्रकार ओळखला होता आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"आनशील पोळ्याच्या दिवशी बैलाच्या गळ्यापाशी लोखंड!" सोजराबाईंनी कात्री हिसकावली. "माह्या सासऱ्याच्या टायमापासून आमच्यात चालत नाही!"

"अहो, मग कुडताच काढा ना," कुणीतरी म्हणालं.

हे एकदम सोपं होतं! शरदबाबूंनी डाव्या हाताने कुडता पोटापर्यंत उचलला. आणि त्यांना बनियन आठवली. कुंपणाबाहेर मिरवणुकीला जमलेलं सगळं गाव, मुख्याध्यापक, सहावी ते दहावीचे सगळे वर्ग! त्यांनी निवेदिताकडे पाहिलं. तिने हवेतल्या हवेत पीठ चाळून दाखवलं. त्यांनी कुडता हळूच खाली सोडला.

"चला," ते म्हणाले. "तसाच येतो."

मिरवणूक निघाली. पुढे डफडं, मागे हरण्या, लाख्या आणि शरदबाबू. आठवीची पोरं रांगेत उभी राहून "नमस्ते सर!" करू लागली. एका पालकाने तर गाठलंच.

"बाबू, पोराचा दाखला कधी भेटन?"

"अहो, मी आत्ता बैलाला शिवलेला आहे!"

"हाव, ते दिसून राह्यलं. पन दाखला कधी?"

"सोमवारी या," शरदबाबू म्हणाले. सवयीने.

वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. जोड्या रांगेने उभ्या राहिल्या. हरण्या-लाख्या पुढे, भगवानरावांची जोडी अगदी त्यांच्या शेपटाला लागून. लाऊडस्पीकर ओरडला, "मानाची जोडी येऊन राह्यली हो!" आणि तेवढ्यात कुण्या दीडशहाण्याने फटाक्यांची लड लावली.

तड तड तड तड!

हरण्या बिथरला. अर्जुनरावांच्या हातातला कासरा सुटला. तोरण समोर, आणि हा लाख्याला घेऊन निघाला बाजूला, घराच्या दिशेने! भगवानरावांची जोडीही उधळली, पण ती सरळ तोरणाकडे!

"गेला! माह्या बापाचा मान गेला!" अर्जुनराव डोक्याला हात लावून खालीच बसले.

पण गेला कसा? हरण्याला शरदबाबू शिवलेले होते ना! त्यांची एक चप्पल गेली, टोपी गेली, ते चिखलातून घसरत निघाले. तरी ते बैलाच्या गळ्याला असे लोंबकळले, जशी विहिरीत बादली! कुडता पाठीवर फाटला. टर्रर्र! खांद्यावर उसवला. टर्रर्र! गळा गेला, खिसा गेला. पण बाहीचा टाका? एक धागा हलला नाही! त्या वजनाने हरण्याची मान वळली. मान वळली तसा बैल वळला, आणि भगवानरावांच्या जोडीच्या नाकासमोरून, हातभर आधी, हरण्या, लाख्या आणि शरदबाबू तोरणाखालून पार झाले!

एकच जल्लोष झाला. आणि त्याच क्षणी कुडत्याने शेवटचा श्वास घेतला. उजवी बाही हरण्याच्या गळ्यात राहिली आणि बाकीच्या चिंध्या जमिनीवर. सगळ्या गावासमोर, मुख्याध्यापकांसमोर, सहावी ते दहावीसमोर शरदबाबू उभे होते. बनियनवर!

डफडंवाल्याने डफडं खाली ठेवून जाळीची भोकं मोजायला घेतली.

"आई गं," निवेदिता पुटपुटली. "पाठीवर पण आहेत."

गार्गी मात्र धावत आली. तिने बाबांकडे बघितलंही नाही. ती हरण्याच्या गळ्याला लटकलेली बाही ओढून ओढून बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाबा! टाका बघा, टाका! शंभर वर्षांचं मशीन आहे बाबा!"

शरदबाबूंनी टाका बघितला. खरोखर पक्का होता. ते एवढंच म्हणाले, "गार्गी, मी घरी जाऊन झोपू?"

अर्जुनरावांनी त्यांना खांद्यावर घेतलं. संध्याकाळी हरण्या दारोदार फिरला तो बाही हलवतच. बायका बैलाला ओवाळायच्या, मग बाहीला कुंकू लावायच्या. दुसऱ्या दिवशी निवेदिता ती उसवून आणायला गेली, तर सोजराबाईंनी पट्टा पोटाशी धरला.

"त्या बाहीनं मान वाचवला माय! आता ते साजातली झाली!"

पुढचं वर्ष शरदबाबूंना फार थकवणारं गेलं. गावातली दप्तरं, चपला, पट्टे, वेसणी, सगळं रविवारी त्यांच्याच ओट्यावर येऊ लागलं. गार्गी चाक फिरवायची, ते धरायचे. फक्त आता ते अर्ध्या बाहीचा शर्ट घालत.

आणि बघता बघता पुन्हा पोळा आला. सुट्टी! या वेळी त्यांनी पक्कं ठरवलं होतं. मशीनवर चादर टाकली, गार्गीला मामाकडे धाडलं, नवी बनियन आणून ठेवली. आदल्या दिवशी संध्याकाळी ते ओट्यावरच आडवे झाले. डोळा लागणार, इतक्यात खांद्यावर काहीतरी गार गार लागलं.

डोळे उघडले तर समोर अर्जुनराव. मागे सोजराबाई, हातात वाटी. वाटीत तूप आणि हळद.

"हे काय?" शरदबाबू उठून बसले.

"आमी इचार केला," अर्जुनराव हात जोडून म्हणाले, "नुसती बाही लटकवली त देवाले काय वाटन? बाहीत हात पाह्यजे."

सोजराबाईंनी त्यांच्या खांद्यावर तूप नीट चोळलं आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

शरदबाबूंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. जांभई आली.

मग त्यांनी दुसरा खांदाही पुढे केला. तेवढंच चोळून मिळत होतं!